जीव मुठीत

शनिवारी सकाळी साडेसात.
विभागामागच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरलेल्या,
माझ्या वाट्याच्या सतरंजीवर
औंधच्या कुठल्याशा मंडळाचं नाव, अर्धं उडालेलं.

हे दोन क्रेडिट सक्तीचे आहेत का,
असं वेदांगने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.
आहेत.
म्हणून आलोय बावीस जण
हजेरी लावून शांत व्हायला.

लोहोकरे मॅडम म्हणतात, डोळे मिटा.
आता लक्ष डाव्या पायाच्या अंगठ्यावर.

अंगठा आहे.
मोज्याला भोक आहे, त्यातून तो बाहेर बघतोय.
सप्टेंबरपासून आमचं बोलणं नाही.

घोटा.
पाषाणच्या बसमागे धावताना मुरगळला तेव्हा
मी त्याला म्हटलं होतं, सबमिशननंतर बघू.
सबमिशन कधीच झालं.
तो अजून रांगेत उभा आहे.

गुडघे, मांड्या. मग पोट.

पोटात गोळा आला, असं आई म्हणायची
तेव्हा वाटायचं, बोलायची रीत आहे.
आज पहिल्यांदा नीट पाहिला.
बेंबीच्या दोन बोटं वर,
उकडलेल्या बटाट्याएवढा,
किंचित उजवीकडे सरकलेला.

काढायला जाऊ नका, मॅडम म्हणतात,
ढकलूही नका. नुसतं विचारा, कसा आहेस.

विचारलं.
तो म्हणाला, मेसचे तीन हजार दोनशे थकलेत.
म्हणाला, हिंगोलीहून पप्पांचा फोन येईल,
'छान चाललंय' हे जरा लवकर म्हण,
परवा मध्ये फार वेळ गेला.
म्हणाला, प्रोबॅबिलिटीचा पेपर सोळाला.
मग काहीच म्हणाला नाही.
लहान झाला नाही, पण
दाराशी उभा असलेला माणूस खाली बसावा,
तसा बसला.

शेजारी शबाना घोरू लागली.
बावीस जणांत ती सगळ्यात आधी पोहोचली.
कुणीतरी फिसकन हसलं, मीच असेन.
गणेशखिंड रस्त्यावर एक ट्रक
रिव्हर्स घेताना तेच ते गाणं वाजवत होता,
त्यालाही येऊ द्या, म्हणाल्या मॅडम,
आणि जबडा सैल सोडा.

जबड्याचं मला माहीत होतं.
बाणेरच्या डेंटिस्टने तीनशे रुपये घेऊन विचारलेलं,
रात्री दात खाता का?
कुणावर, असं मी म्हटलं.
तो हसला नाही.
प्लास्टिकचं कव्हर सहा हजारांना, म्हणाला.

शेवटी हात. तळवे वर.
उजवी मूठ उघडेना.
लोणच्याच्या बरणीचं झाकण असतं ना,
तसं एकेक बोट सोडवावं लागलं.
इतके दिवस जीव मुठीत धरून चाललेय,
म्हटलं आता दिसेल तरी, कसा असतो.

चार नखांचे ठसे होते.
आणि सकाळचं बसचं तिकीट,
घामाने ओलं, दहा रुपयांचं.

जीव तिथे नव्हताच.
तो नाकपुडीपाशी होता,
आत जाताना जरा गार, बाहेर येताना कोमट,
माझी परवानगी न घेता
कधीपासून काम करत बसलेला.

यात मी शांत वगैरे झाले नाही.
घरमालकिणीशी त्याच संध्याकाळी भांडले, पाण्यावरून.

पण सोळा तारखेला
तिसऱ्या प्रश्नावर नजर गेली आणि मूठ वळली.
मला कळलं, वळली.
बाकाखाली नेऊन हळूच उघडली, एकेक बोट.

सुपरवायझर धावत आले.
काय आहे हातात?
काही नाही, सर.
दाखव.

दाखवला.
त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिला,
मनगट वळवून, चष्मा वर करून.
खरंच काही नव्हतं.

मग पुन्हा प्रश्न तिसरा.
तो मला येत नव्हता.
येत नव्हता, एवढंच.
चौथा काढला.